परिशिष्टातला गणपती : पुण्यातल्या देरिदा-वाचनाविषयी

२२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली. १९१९ साली आरंभलेले आणि १,२५९ हस्तलिखितांच्या आधाराने सिद्ध झालेले हे काम जवळपास अर्धशतक चालले होते. त्यानंतर एकोणतीस दिवसांनी, २१ ऑक्टोबर रोजी, अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका परिसंवादात झाक देरिदा या छत्तीस वर्षांच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने एक निबंध वाचला. कोणत्याही संरचनेला स्थैर्य देणारे केंद्र हे संरचनेच्या आतही असते आणि तिच्या नियमांपासून मोकळेही राहते, मग त्याला केंद्र म्हणायचे तरी कसे, अशा आशयाचा प्रश्न त्या निबंधात होता. संरचनावादाचे अमेरिकेत स्वागत करण्यासाठी भरलेल्या त्या परिसंवादातच संरचनावादाला पहिला मोठा छेद गेला, असे वाङ्मयसमीक्षेचे इतिहासकार सांगतात.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ना पुण्याला बाल्टिमोरची वार्ता होती, ना बाल्टिमोरला पुण्याची. तरीही देरिदा, फूको, ल्योतार ही नावे मराठी साहित्याच्या वर्गात उच्चारली की ‘हे सगळे परदेशातून आणलेले, आपल्या वाङ्मयाशी त्याचे काय नाते’ असा जो सूर हमखास लागतो, त्याला उत्तर देताना आम्हांला सप्टेंबर-ऑक्टोबर १९६६ चा तो महिना आठवतो. (‘उत्तर-आधुनिक’ ही चिठ्ठी देरिदा वा फूको यांनी स्वतःला कधी चिकटवून घेतली नाही. ती मुख्यतः ल्योतारच्या १९७९ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. सोयीसाठी ती आम्हीही वापरत आहोत.)

चिकित्सक आवृत्तीचा कोणताही खंड उघडून पाहावा. पानाच्या वरच्या भागात सिद्ध केलेली संहिता असते आणि खाली, बारीक टाइपात, पाठभेदांची दाट वीण. काही पानांवर वरचा भाग दोन-चार श्लोकांपुरता उरतो आणि खालचा मजकूरच पान व्यापतो. देरिदाने १९७४ च्या ‘ग्ला’ या पुस्तकात एकाच पानावर दोन स्तंभ समोरासमोर ठेवून हेगेल आणि जने यांना एकत्र वाचायला लावले, त्याचे फार कौतुक झाले. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या आमच्या पंडितांनी तसे पान त्याआधी कित्येक वर्षे छापले होते, अर्थात अगदी वेगळ्या हेतूने. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे १९२५ पासून १९४३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत या प्रकल्पाचे प्रमुख संपादक होते. ही संहिता म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ होय, असा दावा त्यांनी कधीही केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साह्याने जितके मागे जाता येईल तितके मागे जाणे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. मुळाचा शोध घेणाऱ्या माणसानेच मूळ हाती लागणार नाही हे मान्य करून सुमारे अठरा वर्षे काम केले, ही गोष्ट आम्हांला देरिदाच्या कोणत्याही विधानाइतकीच विचार करायला लावणारी वाटते.

आता त्या परिशिष्टाकडे वळू. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा पुण्यात कोणाला ठाऊक नाही? अटही सर्वांना माहीत असते. लेखणी थांबता कामा नये, असे गणपती म्हणाला. तर अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहू नकोस, असे व्यास म्हणाले. गणपतीचा वेग आवरण्यासाठी व्यासांनी मधूनमधून गाठी मारल्या, कूटश्लोक रचले. त्यांची संख्या ८,८०० सांगतात. गणपती क्षणभर विचारात पडे, तेवढ्यात व्यास पुढचे अनेक श्लोक मनात जुळवून ठेवीत. चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वात ही कथा मुख्य संहितेत नाही. हस्तलिखितांच्या पुराव्यावर ती टिकली नाही, म्हणून प्रक्षिप्त ठरून परिशिष्टात गेली. संपादकांचा निर्णय शास्त्रशुद्ध आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. पण घडले काय ते पाहावे. ग्रंथ ‘लिहिला’ कसा गेला हे सांगणारा मजकूर ग्रंथाबाहेर गेला. सांगणारा संहितेत राहिला, लिहिणारा परिशिष्टात.

प्लेटोपासून सोस्यूरपर्यंत पाश्चात्त्य विचाराने वाणीला प्रथम स्थान दिले आणि लेखनाला दुय्यम, बाहेरचे, प्रसंगी घातक मानले, हे देरिदाचे १९६७ मधील ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’ या ग्रंथातले मध्यवर्ती प्रतिपादन. रूसोच्या वाचनात त्याने एक शब्द पकडला, तो म्हणजे ‘सप्लिमाँ’. रूसोच्या मते लेखन ही वाणीला जोडलेली पुरवणी. देरिदा विचारतो, जी वस्तू स्वतःत पूर्ण आहे तिला पुरवणी लागतेच कशी? हा मुद्दा समजावण्यासाठी वर्गात आम्हांला फार लांब जावे लागत नाही. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधतात ती पुरवणी प्रत्येक विद्यार्थ्याने हाताळलेली असते. पुरवणी ही ‘जास्तीची’ असते आणि त्याच वेळी मुख्य उत्तरपत्रिका पुरली नाही याचा पुरावाही असते. फ्रेंच शब्दातली ती दुहेरी चाल मराठी शब्दात आयती आहे. ‘परिशिष्ट’ हा शब्द तर आणखी बोलका, कारण त्याच्या पोटात ‘उरलेले’ हा अर्थ आहे. बाजूला काढले तरी उरतेच, असे काहीतरी.

यावर कोणी म्हणेल की ही शब्दांची कसरत झाली. कसरत आहे खरी. पण ती करण्याची सवय या शहराला नवी नाही. दुर्बोध ग्रंथ ओळीओळीने, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करीत वाचण्याची एक दीर्घ परंपरा पुण्यात होती. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याचे मराठी भाषांतर केले. १९३८ ते १९५४ या काळात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते सहा खंडांत मुळासह प्रसिद्ध केले आणि शास्त्रीबोवांचे चिरंजीव काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी सातवा प्रस्तावनाखंड लिहिला. ‘गाय’ असे म्हटल्यावर ‘शब्द’ नेमका कोणता, तो प्राणी, त्याची आकृती, त्याचे हालणे की कानी पडणारा ध्वनी, हा महाभाष्याच्या आरंभीचा प्रश्न ज्याने मराठीत एकदा वाचला आहे, त्याला सोस्यूरचे चिन्हक आणि चिन्हित परके वाटण्याचे कारण नाही. खुद्द सोस्यूरनेही डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर लिहिला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. १९९२ च्या जानेवारीत पुणे विद्यापीठात भर्तृहरीवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. भर्तृहरी आणि देरिदा यांच्या तुलनेला तोवर परदेशी अभ्यासकांनी आरंभ केलाच होता.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मराठीत आणण्याचे कामही पुण्यात बरेच आधी सुरू झाले. ‘गीतारहस्य’ (१९१५) हे पुस्तक लोक राष्ट्रवादाचा वा कर्मयोगाचा ग्रंथ म्हणून वाचतात. आम्ही ते विद्यार्थ्यांना एका वेगळ्याच कारणासाठी चाळायला सांगतो. मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्याशी वाद घालण्यासाठी टिळकांनी ‘आधिभौतिक’, ‘आधिदैविक’ आणि ‘आध्यात्मिक’ ही जुनी त्रयी नव्या कामाला जुंपली. शब्द घरचा, पण भांडण बाहेरच्यांशी. त्यामुळे वाचकाला ते भांडण आपल्याच अंगणात चालल्यासारखे वाटले. पुढे दि. के. बेडेकर यांनी अस्तित्ववादाची ओळख करून दिली, तीही अशाच स्वच्छ मराठीत. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये पुण्यातूनच ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ तीन खंडांत निघाला. मुंबईच्या रा. भा. पाटणकरांनी त्याच वर्षी ‘सौंदर्यमीमांसा’ आणि १९७७ मध्ये ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ लिहिली. कांट कठीण आहे म्हणून तो मराठीत येऊ नये, असे तेव्हा कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

एका प्रसंगाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. जुलै १९८३ मध्ये पुण्यात न्याय-मीमांसेचे पारंपरिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांना समोरासमोर बसवण्यात आले. दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे हे त्यामागचे प्रमुख विचारवंत. बर्ट्रंड रसेलची ‘प्रपोझिशन’ ही कल्पना संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली गेली आणि त्यांनी तिची परीक्षा आपल्या शास्त्राच्या कसोट्यांवर केली. त्या चर्चेचे पुस्तक १९९१ मध्ये ‘संवाद’ या नावाने प्रसिद्ध झाले. परदेशी तत्त्वज्ञ वाचण्याची इतकी निर्भय रीत आम्हांला दुसरी माहीत नाही. इथे रसेलपुढे कोणी नतमस्तक झाले नाही आणि त्याला हाकलूनही दिले नाही. देरिदाच्या वाट्याला असा प्रसंग पुण्यात यायला हवा होता. त्याच्या वाट्याला मात्र प्रश्नपत्रिका आली.

१९८० नंतर नवी समीक्षापद्धती मराठीत शिरली ती दोन दारांनी. एक दार भाषाविज्ञानाचे. डेक्कन कॉलेजात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले होते. तिथले अशोक रा. केळकर यांनी भाषेकडे आणि साहित्याकडे चिन्हव्यवस्था म्हणून पाहण्याची शिस्त मराठीत रुजवली. ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक १९८३ पासून मराठी अभ्यास परिषदेने चालवले, त्याचे ते पहिले संपादक. त्यांच्या २००८ मधील ग्रंथाचे नाव ‘रुजुवात’, म्हणजे खातरजमा. नावच पुरेसे बोलते. केळकरांचे गद्य कठीण आहे, पण ते कठीण असण्याचे कारण प्रत्येक वाक्यात सापडते. दुसरे दार मुंबईचे. गंगाधर पाटील यांचे ‘समीक्षेची नवी रूपे’ १९८१ चे. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचा ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ २००७ चा. मधल्या काळात, २००१ मध्ये, ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ आला आणि प्राध्यापकांच्या टेबलावर कायमचा राहिला.

विरोधही तेव्हाच उभा राहिला, आणि तो सामान्य नव्हता. भालचंद्र नेमाडे यांची देशीवादाची मांडणी (‘टीकास्वयंवर’, १९९०) आणि गणेश देवी यांचे ‘आफ्टर अ‍ॅम्नीजिया’ (१९९२) यांनी विचारलेला प्रश्न असा, की आपल्या समीक्षेला स्वतःच्या परंपरेचा विसर पडला असताना ती पॅरिसच्या वादात बाजू घेते ती कोणाच्या वतीने? हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो. पण एक निरीक्षण नोंदवल्याशिवाय राहवत नाही. नेमाडे स्वतः डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकलेले. देवी इंग्रजीचे प्राध्यापक. बाहेरचे पचवून मग घरचे बोलावे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांनी मात्र पहिला टप्पा गाळला. देशीवाद हे न वाचण्याचे निमित्त झाले, आणि त्याच्या उलट बाजूला ‘थिअरी’ हे मराठी न वाचण्याचे निमित्त झाले. १९९६ मध्ये अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने एका अमेरिकन नियतकालिकात मुद्दाम रचलेला निरर्थक लेख छापून आणला. तेव्हापासून तर ‘ते सगळे थोतांड आहे हे सिद्धच झाले’ असे म्हणून सुटका करून घेणे फारच सोपे झाले. सोकलने एका संपादकमंडळाचा आळस सिद्ध केला. देरिदाने रूसोचे केलेले वाचन बरोबर की चूक, हे ठरवायला रूसो आणि देरिदा दोघांनाही उघडावेच लागते.

उघडल्यावर पहिली अडचण येते ती संज्ञांची. ‘डिस्कोर्स’ या एका शब्दासाठी मराठीत ‘चर्चाविश्व’, ‘संभाषित’, ‘प्रोक्ती’ असे पर्याय वावरतात, शिवाय हिंदीकडून ‘विमर्श’ही आला आहे. फूकोला अभिप्रेत असलेला अर्थ, म्हणजे काय बोलता येईल, कोण बोलू शकेल आणि काय बोलण्याजोगे मानलेच जाणार नाही हे ठरवणारी व्यवस्था, ‘चर्चा’ या शब्दात मावत नाही. चर्चा म्हटले की आम्हांला चहा आठवतो. ‘टेक्स्ट’ला ‘संहिता’ म्हटले जाते, तो पर्याय आम्हांला अधिक मोलाचा वाटतो आणि अधिक धोक्याचाही. लॅटिन मुळात ‘विणणे’ आहे, तर संहितेत ‘एकत्र ठेवणे’, सांधणे. वैदिकांकडे संहितापाठ आणि पदपाठ असे दोन पाठ असतात. पहिल्यात शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले, दुसऱ्यात सुटे केलेले. पदे सुटी केल्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि सुटी केली की ती संहिता राहत नाही. विरचना या क्रियेसाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधायला पॅरिसला जावे लागू नये. धोका असा की ‘संहिता’ शब्दाला पावित्र्य चिकटलेले आहे. जाहिरात, अर्ज, जातीचा दाखला यांना ‘टेक्स्ट’ म्हणता येते, ‘संहिता’ म्हणताना जीभ अडखळते. ते अडखळणेच वर्गात चर्चेला घ्यावे, असे आमचे मत झाले आहे.

देरिदाचा सर्वांत कुप्रसिद्ध शब्द ‘दिफेराँस’. १९६८ च्या जानेवारीत पॅरिसच्या व्याख्यानात त्याने तो विस्ताराने मांडला. फ्रेंच शब्दात एका ‘ई’च्या जागी त्याने ‘ए’ घातला. उच्चार तोच राहतो, फरक फक्त कागदावर दिसतो. भिन्न असणे आणि लांबणीवर टाकणे असे दोन्ही अर्थ त्या एका अक्षरातून तो काढतो. मराठी पाठ्यपुस्तके हा शब्द देवनागरीत लिहितात आणि सगळीच गंमत निघून जाते, कारण आपली लिपी उच्चारानुसारी आहे अशी आपली समजूत असते. ती समजूत कितपत खरी आहे? ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द बहुतेक मराठी माणसे सारखेच उच्चारतात. आणि जुना अनुस्वार? १९६२ पूर्वीची पुस्तके पाहा. ‘नांव’ म्हणजे नाम, ‘नाव’ म्हणजे होडी. ‘आम्ही’ म्हणजे कर्ता प्रथमेत, ‘आम्हीं’ म्हणजे तृतीयेत. हा ठिपका बहुतेकांच्या तोंडी नव्हता, फक्त डोळ्यांना दिसत होता आणि अर्थ त्याच्यावर तोललेला होता. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम या ‘अनुच्चारित अनुस्वारा’ला निरोप देऊन मोकळे झाले. जे ऐकू येत नाही ते लिहायचे कशाला, हा युक्तिवाद सरळ होता, आणि आमच्यासारख्या शिक्षकांची त्याने मोठी सोय झाली. परंतु वाणी मुख्य आणि लेखन तिची नक्कल, हे गृहीत त्यात होते. देरिदा ज्या गृहीताशी पुढे झुंजणार होता ते मराठीने त्याच्या व्याख्यानाआधी सहा वर्षे नियमात बांधले होते. शिवाय ‘अनुच्चारित’ म्हणजे कोणाच्या तोंडी अनुच्चारित? कोकणातल्या काही बोलींमध्ये ही नासिक्ये स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे नियमकर्त्यांचा कान हा एका ठिकाणचा कान होता.

देरिदा १९९७ साली कोलकात्याच्या पुस्तक मेळाव्याच्या उद्घाटनाला आला होता. त्याच मेळाव्यात पुढे आग लागून दुकाने जळाली, हीच आठवण अनेकांकडे उरली आहे. पुण्यात त्याला वाचण्याचे आणि वाचायला शिकवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत अनिकेत जावरे यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) इंग्रजी विभागात ते प्राध्यापक होते. संरचनावाद आणि उत्तर-संरचनावाद यांचा परिचय करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक २००१ मध्ये आले. त्याचे नाव ‘सिम्प्लिफिकेशन्स’. एकच अंतिम सुलभीकरण नसते, म्हणून अनेकवचन, असा अर्थ आम्ही त्या नावाचा लावतो. ‘काळे पांढरे अस्फुट लेख’ हे त्यांचे मराठी पुस्तक मात्र सुलभीकरणाच्या वाटेला जात नाही. ज्यांना दोन्ही भाषा वाचता येतात त्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. इंग्रजीत ते विद्यार्थ्याचा हात धरतात. मराठीत तो सोडतात.

पण आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा एक निबंध. सुझी थारू यांनी संपादित केलेल्या, साहित्याच्या अध्यापनाविषयीच्या १९९८ मधील ग्रंथात तो आहे आणि त्याचा विषय वर्गातल्या सबाल्टर्न विद्यार्थ्याचे मौन हा आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ मध्ये ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’ इंग्रजीत आणले, पुस्तकाइतकीच दमछाक करणारी प्रस्तावना लिहिली आणि पुढे सबाल्टर्न बोलू शकते का, हा प्रश्न जगापुढे ठेवला. जावरे यांनी तो प्रश्न तिसऱ्या बाकावर आणून बसवला. दुर्बोधतेची चर्चा आपण नेहमी ग्रंथाच्या बाजूने करतो: लेखक कठीण का लिहितो, मुद्दाम लिहितो का, सोपे करता आले नसते का. बाकावर बसलेल्याच्या बाजूने प्रश्न वेगळा असतो. कठीण ग्रंथापुढे गप्प बसलेला विद्यार्थी ‘कळले नाही’ म्हणून गप्प असतो, की ‘हे माझ्यासाठी नाही’ हे त्याला फार आधीच कळलेले असते म्हणून?

याच प्रश्नाला गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये वेगळ्या बाजूने हात घातला. भारतीय समाजविज्ञानांत सिद्धांत मांडण्याचे काम वरच्या जातींकडे आणि अनुभव पुरवण्याचे काम दलितांकडे, अशी वाटणी झाली आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. मराठी साहित्याच्या विभागांना हे लागू पडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? दलित आत्मकथन शिकवताना ‘अनुभवाचा अस्सलपणा’ हे शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात. दलित लेखकाकडून अनुभव हवा. सिद्धांताचा पेपर वेगळा. शरद पाटील यांनी १९८८ मध्ये ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ लिहून दिङ्नागाच्या आधाराने सिद्धांतच मांडला, तेव्हा तो ग्रंथ दुर्बोध आहे अशी तक्रार आपल्यापैकी अनेकांनी केली. कठीण असण्याचा हक्कसुद्धा समान वाटलेला नाही.

आणि तरीही उत्तर-आधुनिक विचार हा मुक्तीचा आयता मार्ग आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. त्याच गणेशखिंडीच्या आवारात, स्त्री अभ्यास केंद्रात, शर्मिला रेगे शिकवत होत्या. गुरू यांच्या १९९५ मधील टिपणाला प्रतिसाद म्हणून त्यांनी १९९८ मध्ये लिहिलेला दलित स्त्रीवादी भूमिकेवरील निबंध या बाबतीत आजही मार्गदर्शक आहे. ‘भिन्नते’चा उत्सव करत राहिले की प्रत्येकाने आपापल्यापुरते बोलायचे आणि इतरांनी आदराने मान डोलवायची, एवढेच उरते. भिन्नता निर्माण करणाऱ्या सत्तासंबंधांना कोणी हात लावत नाही, हा त्यांच्या टीकेचा रोख. एकाच टेकडीवर एकीकडे देरिदा अक्षराअक्षराने वाचला जात होता आणि दुसरीकडे ‘भिन्नता’ या शब्दाचीच झडती घेतली जात होती. पुण्याच्या अलीकडच्या बौद्धिक इतिहासातला हा भाग आमच्या मते १९८३ च्या ‘संवादा’इतकाच मोलाचा आहे. त्याचे दस्तऐवज मात्र विखुरलेले आहेत. रेगे २०१३ मध्ये गेल्या, जावरे २०१८ मध्ये.

जावरे यांचे शेवटचे पुस्तक ‘प्रॅक्टिसिंग कास्ट’ त्यांच्या पश्चात, २०१९ मध्ये, फोर्डम विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. जात समजून घ्यायची तर तिच्या उत्पत्तीपासून वा धर्मग्रंथांपासून आरंभ न करता स्पर्श करणे आणि न करणे या साध्या क्रियांपासून आरंभ करावा, ही त्याची भूमिका. देरिदाने नाँसीविषयी लिहिताना केलेला स्पर्शाचा विचार त्याच्या पार्श्वभूमीला आहे. ज्यांना ‘देरिदाचा आपल्याशी काय संबंध’ असे अजूनही विचारावेसे वाटते त्यांनी हे पुस्तक वाचावे. संबंध सांगण्याच्या फंदात लेखक पडत नाही, तो सरळ कामाला लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांपर्यंत यातले काहीच पोचत नाही. त्यांच्यापर्यंत अप्पा बळवंत चौकातल्या नोट्स पोचतात. ‘विरचनावादाची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाला तिथे सात मुद्दे मिळतात, प्रत्येकाला दोन ओळी. आम्ही नोट्सना नावे ठेवणार नाही. ग्रंथालयात पुस्तक नसेल आणि इंग्रजीची भीती मनात असेल तर विद्यार्थ्याने दुसरे काय करावे? आमची हरकत मुद्द्यांना आहे. ज्या विचाराचे सारे बळ एखाद्या ओळीपाशी अडून राहण्यात आहे, त्याची ‘वैशिष्ट्ये’ सांगणे म्हणजे कूटश्लोक गाळून महाभारत लिहून घेणे. म्हणून गेली काही वर्षे आम्ही दोघे-तिघे जण एक साधा प्रयोग करतो. संपूर्ण देरिदा नाही, त्याचे एक पान. आधी इंग्रजीतून एक वाक्य, मग वर्गाने त्याची मराठी करायची, मग त्या मराठीत कोणता शब्द कुरकुरतो ते शोधायचे. एका तासाला तीन वाक्ये झाली तर तास चांगला गेला. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही तक्रार रास्त आहे.

अशाच एका तासाला ‘दिफेराँस’च्या निमित्ताने फळ्यावर ‘नांव’ आणि ‘नाव’ असे दोन शब्द लिहिले होते. अनुच्चारित अनुस्वाराचा इतिहास सांगून झाला, महामंडळाचे नियम सांगून झाले, ‘शुद्धलेखन’ या शब्दाऐवजी आता ‘प्रमाणलेखन’ म्हणावे असे काहींचे मत आहे, हेही सांगून झाले. वर्गाला गंमत वाटत होती. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा, वर्षभरात क्वचितच बोललेला, उभा राहिला. तो म्हणाला, “सर, तो ठिपका कुणालाच ऐकू येत नव्हता, तरी तो असला की लेखन शुद्ध. आमच्या घरी पानी म्हणतात, कोन म्हणतात. तो न मात्र पुण्यात सगळ्यांना ऐकू येतो. आणि तो लिहायच्या आधीच अशुद्ध असतो.”

कोणीतरी फळ्यावर जाऊन ‘शुद्ध’ हा शब्द लिहिला. त्या दिवशी देरिदाचे पान पुढे सरकले नाही.